सायालिन आणि त्याचे निरोधक : बंद पडलेल्या दाराला कुलूप कशासाठी?

निरोधक या शब्दाशी आपणा वैद्यकीय व्यावसायिकांचा परिचय जुना आहे. आम्लपित्तासाठी आपण लिहितो ते ओमेप्राझोल जठरातील प्रोटॉन पंप बंद करते. पायांवरची सूज उतरविणारे फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातील क्षारवाहकाला अडविते. नैराश्यावरील फ्लुऑक्सेटिन मेंदूतील सिरोटोनिनच्या वाहकाला थोपविते, आणि अलीकडे मधुमेही रुग्णांच्या चिठ्ठीवर हमखास दिसू लागलेले डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडातील शर्करावाहकाचे काम रोखून जादा साखर लघवीवाटे जाऊ देते. पेशीच्या पटलात बसून एका बाजूचा पदार्थ दुसऱ्या बाजूला पोहोचविणाऱ्या प्रथिनांना वाहक प्रथिने म्हणतात. आपल्या रोजच्या औषधांपैकी पुष्कळशी औषधे म्हणजे अशा वाहकांचे निरोधकच होत. त्या सर्वांमागील तर्क सरळ आहे. वाहक नको तितके काम करतो, म्हणून आपण त्याला आवरतो.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या सायालिन या वाहकाबाबत मात्र हा तर्क उलटा पडतो. सायालिन काम करीत नाही म्हणून आजार होतो, आणि तो मुख्यतः लहान मुलांना होतो. असे असूनही काही संशोधकांनी गेली अनेक वर्षे या वाहकाला अधिकच बंद करणारी रसायने शोधण्यात घालविली आहेत. जे दार आधीच उघडत नाही त्याला आणखी कुलूप लावण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. या प्रश्नाचे उत्तर आपल्या दवाखान्यातील खोकल्याच्या बाटलीपर्यंत येऊन पोहोचते, म्हणून हा विषय मी या स्मरणिकेसाठी निवडला. ज्या वाचकांचा वैद्यकाशी व्यावसायिक संबंध नाही त्यांनाही तो समजावा, या हेतूने काही प्राथमिक गोष्टींपासून सुरुवात करतो.

सायालिक आम्ल म्हणजे नऊ कार्बन अणूंची एक आम्लधर्मी शर्करा. स्वीडनमधील गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ साली गाईच्या लाळग्रंथीतील चिकट द्रव्यातून ती वेगळी केली. लाळेसाठी जो ग्रीक शब्द आहे त्यावरूनच तिचे नाव पुढे रूढ झाले. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांना शर्करांच्या लहान साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्या साखळ्यांच्या अगदी टोकाला बहुधा हे आम्ल बसलेले असते. त्याच्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटत नाहीत आणि श्लेष्मा ओलसर व निसरडा राहतो. फ्लूचा विषाणू याच आम्लाला धरून पेशीत शिरतो, आणि फॅल्सिपॅरम मलेरियाचे परजीवी तांबड्या पेशीत घुसताना बऱ्याचदा त्याचाच आधार घेतात. मेंदूत तर या आम्लाचे प्रमाण विशेष असते, कारण चेतापेशींच्या पटलातील गँग्लिओसाइड नावाच्या स्निग्ध पदार्थांचा तो अविभाज्य घटक आहे.

पेशीतील जुनी झालेली प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ मोडण्याचे काम लायसोसोममध्ये, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील लयकारिकेत, चालते. तेथे सायालिडेझ हे विकर साखळीच्या टोकाचे सायालिक आम्ल तोडून मोकळे करते. मोकळे झालेले आम्ल पुन्हा वापरण्याजोगे असते, पण ते लायसोसोमच्या पटलातून आपोआप बाहेर पडू शकत नाही. त्याला बाहेर नेणारा वाहक म्हणजे सायालिन. एसएलसी-१७-ए-५ या जनुकावरून तो तयार होतो. ४९५ अमिनो आम्लांची ही साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते.

या वाहकाला ताकद कोठून मिळते, हे समजावून सांगताना मला नेहमी आपल्या खाजन शेतातील मानस आठवते. नदीच्या कडेला बांधात बसविलेली ही लाकडी दारे कोणी माणूस उघडझाप करीत बसत नाही. ओहोटी लागली की शेतातील पाण्याचा दाब त्यांना उघडतो आणि भरतीचे पाणी त्यांना मिटवते. सारे काम दोन बाजूंच्या पातळीतील फरकावर चालते. लायसोसोमच्या आतील पीएच साधारण ४.५ ते ५ असतो, बाहेरील पेशीद्रवाचा ७.२ च्या आसपास. म्हणजे आत हायड्रोजन आयनांची दाटी बाहेरच्यापेक्षा शंभरपटींहून अधिक असते. हे आयन बाहेर धाव घेतात आणि सायालिन त्यांच्या त्या ओढीचा उपयोग करून प्रत्येक आयनाबरोबर सायालिक आम्लाचा एक रेणू बाहेर काढते. मानस मोडले किंवा रुतले तर शेतात पाणी तुंबते आणि पीक कुजते. सायालिन बिघडले की लायसोसोममध्ये सायालिक आम्ल साचते, लायसोसोम फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत पोकळ्या दिसू लागतात.

ही उपमा दाबापुरतीच खरी आहे. मानस उघडे असताना शेत आणि नदी यांच्यात सरळ वाट असते. सायालिनमध्ये तशी वाट कधीच नसते. त्यासाठी केरी-तेरेखोलची किंवा नार्वे-दिवाडीची फेरीबोट डोळ्यांपुढे आणावी. बोट एका वेळी एकाच धक्क्याला लागते. त्या बाजूचा रॅम्प खाली येतो, माणसे आणि वाहने चढतात, रॅम्प उचलला जातो आणि मग पलीकडच्या धक्क्यावर दुसरा रॅम्प उतरतो. सायालिनही असेच वागते. त्याच्या मध्यभागी एक खोबण आहे. ती कधी लायसोसोमच्या आतल्या बाजूला उघडते, कधी पेशीद्रवाच्या बाजूला, पण दोन्हीकडे एकदम कधीच नाही. ही फेरीबोट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे निरोधकाचे सारे मर्म याच गोष्टीत आहे.

या वाहकाच्या बिघाडाची कथा उत्तर फिनलंडमधील साल्ला नावाच्या विरळ वस्तीच्या भागापासून सुरू होते. १९७९ साली पेर्टी आउला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या, चालताना तोल जाणाऱ्या आणि बोलणे अस्पष्ट असलेल्या काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या पेशींत फुगलेले लायसोसोम होते आणि लघवीत मोकळ्या सायालिक आम्लाचे प्रमाण वाढलेले होते. या रोगाला गावाचेच नाव मिळाले, साल्ला रोग. आम्ल साचते हे कळले, पण का साचते ते कळेना. ते तोडणारे विकर तर व्यवस्थित होते. १९८६ साली रेनलुंड, टिट्झे आणि गाल यांनी रुग्णांच्या पेशींतून लायसोसोम वेगळे करून दाखवून दिले की दोष तोडण्याच्या कामात नसून बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. पुढे १९९९ साली फ्रान्स वेरहेयन यांच्या गटाने जनुक शोधून काढले आणि सायालिन हे नाव रूढ झाले.

फिनलंडमधील बहुतेक सर्व रुग्णांत एकच उत्परिवर्तन सापडते. प्रथिनाच्या साखळीतील ३९व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन येते. फार पूर्वी एखाद्या पूर्वजाकडून आलेला दोष लहान, एकमेकांतच सोयरिकी करणाऱ्या लोकसमूहात पिढ्यान्पिढ्या टिकून राहिला की असे घडते. हे वाक्य लिहिताना आपल्याकडील सोयरिकींच्या चालीरीती माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाहीत. मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत कोकणपट्टीतील काही समाजांत होती आणि पंचक्रोशीबाहेर मुलगी न देण्याची वृत्ती तर अगदी कालपरवापर्यंत होती. अप्रकट जनुकदोष एकत्र येण्यास अशी परिस्थिती अनुकूल असते. हा दोष केवळ फिनलंडचा मानण्याचेही कारण नाही. निरनिराळ्या देशांतील व वंशांतील रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि त्यांच्यात १३६व्या जागी लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येण्याचा दोष काही वेळा आढळला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो.

सायालिनचा अभ्यास करण्यात एक मोठी अडचण होती. हे प्रथिन पेशीच्या आत, लायसोसोमच्या पटलात असते, आणि तेथपर्यंत बाहेरून पोहोचून मोजमाप करणे कठीण असते. पॅरिसमधील ब्रुनो गास्निए यांच्या गटाने २००४ साली यावर एक सुंदर उपाय प्रसिद्ध केला. प्रत्येक लायसोसोमी प्रथिनावर त्याला कोठे पोहोचवायचे याचा एक पत्ता लिहिलेला असतो. सायालिनच्या साखळीवरील तो पत्ता त्यांनी पुसून टाकला. पत्ता नसलेले प्रथिन पेशीच्या बाहेरील पटलावर येऊन बसले. पेशीभोवतीचे द्रावण आम्ल केले की ते लायसोसोमच्या आतील भागासारखे होई आणि पेशीत किती सायालिक आम्ल शिरले ते सरळ मोजता येई. या पद्धतीने निरनिराळ्या उत्परिवर्तनांची तुलना शक्य झाली. ज्या दोषांमुळे बाळे अगदी लहानपणी दगावतात, त्या दोषांत वाहतूक जवळजवळ शून्य होती. साल्लाच्या सौम्य दोषात मात्र वाहक काही प्रमाणात काम करीत होता. त्याचे दुखणे मुख्यतः वेगळेच होते. तो तयार होत होता, पण त्यातील बराच भाग लायसोसोमपर्यंत पोहोचतच नव्हता, वाटेतच अडकून पडत होता.

याच गटाने पुढे २०१२ साली संगणकावर सायालिनची प्रतिकृती बांधली. मनुष्याच्या सायालिनची खरी रचना तेव्हा ठाऊक नव्हती, म्हणून कोलाय जंतूतील एका दूरच्या नातलग वाहकाच्या रचनेवरून अंदाज बांधला गेला. त्या प्रतिकृतीच्या खोबणीत कोणकोणती रसायने बसू शकतील याची संगणकीय चाळणी केली असता एफआर १३९३१७ हे रसायन हाती लागले. ते मुळात रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या एंडोथेलिनच्या विरोधात तयार केलेले होते. सायालिनचा तो निरोधक निघाला. त्याहून महत्त्वाची प्रगती २०२० साली झाली. अमिनो आम्लाचा कणा, त्याला जोडलेले सुगंधी वलय आणि एक जलद्वेषी बाजूची शाखा अशी घडण असलेल्या रसायनांचा एक नवा वर्गच सापडला. त्यातील सर्वांत प्रभावी रसायनाला एलएसपी १२-३१२९ असा क्रमांक आहे. सुमारे २.५ मायक्रोमोलर इतक्या अल्प प्रमाणात ते सायालिनचे काम निम्म्यावर आणते. सायालिक आम्ल स्वतः ज्या प्रमाणात या वाहकाला निम्मे भरते त्यापेक्षा हे प्रमाण ४०० पटींनी कमी आहे.

येथे फेरीबोट पुन्हा उपयोगी पडते. हा निरोधक सायालिक आम्लाशी थेट स्पर्धा करीत नाही, असे प्रयोगात दिसले. आम्ल कितीही वाढविले तरी अडथळा दूर होईना. पण संगणकीय मांडणी सांगत होती की निरोधक बसतो तो त्याच खोबणीत. मग स्पर्धा का नाही? कारण आम्ल चढते ते आतल्या धक्क्यावरून आणि निरोधक चढतो तो बाहेरच्या धक्क्यावरून. बोट पेशीद्रवाच्या बाजूला लागली, प्रवासी उतरले, आणि रिकाम्या बोटीत हा आडदांड पाहुणा येऊन बसला की रॅम्प वर उचलता येत नाही. बोट परत आत जाऊ शकत नाही. आतल्या धक्क्यावर माणसांची कितीही गर्दी झाली तरी त्या गर्दीला बोटीतील पाहुण्याला ढकलून काढता येत नाही. २०२३ आणि २०२४ साली क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मनुष्याच्या सायालिनची प्रत्यक्ष रचना उलगडली. त्यांपैकी २०२४ च्या कामात एफमॉक-ल्युसिन हे निरोधक रसायन सायालिनच्या आत बसलेले दिसले, आणि ते बसले होते पेशीद्रवाच्या बाजूला उघडलेल्या खोबणीतच. प्रतिकृतीवरून बांधलेल्या तर्काला असा प्रत्यक्ष आधार मिळावा, ही शास्त्रातील मोठ्या समाधानाची गोष्ट आहे.

परंतु २०२० च्या त्या शोधनिबंधातील मला सर्वांत मोलाचे वाटलेले निरीक्षण निराळेच आहे. एलएसपी १२-३१२९ हा निरोधक साल्लाच्या सदोष सायालिन असलेल्या पेशींना दिला असता वाटेत अडकलेले सदोष प्रथिन लायसोसोमकडे जाऊ लागले!

कुलूपच वाटाड्या कसे बनते, हे समजण्यासाठी अडुळशापर्यंत जावे लागेल. आपल्या परसातील अडुळसा खोकल्यावरचे औषध म्हणून कोकणात कोणाला ठाऊक नाही? त्यातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन तयार केले आणि ब्रोमहेक्झिनपासून शरीरात जे तयार होते ते अँब्रोक्झॉल. पावसाळ्यात पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कोणत्याही दवाखान्यात ते दिवसाकाठी कितीदा लिहिले जाते, हे मी सांगण्याची गरज नाही. २००९ साली एका संशोधनात असे दिसून आले की हे अँब्रोक्झॉल गोशे रोगात कमी पडणाऱ्या लायसोसोमी विकराचे निरोधक आहे, आणि तरीही ते दिले असता रुग्णांच्या पेशींत त्या विकराचे काम वाढते. याचे कारण असे. प्रथिनाची लांब साखळी तयार झाली की तिची योग्य घडी पडावी लागते. उत्परिवर्तनामुळे घडी सैल राहिली तर पेशीतील तपासनीस ते प्रथिन पुढे जाऊ देत नाहीत. ते अडवून ठेवले जाते आणि नंतर मोडून टाकले जाते. अशा वेळी त्याच्या खोबणीत नेमका बसणारा एखादा लहान रेणू मिळाला तर तो आतून आधार देतो, घडी बसते आणि प्रथिन तपासणीतून सुटून आपल्या ठिकाणी पोहोचते. आणि खोबणीत नेमके बसणारे रेणू कोण? बहुधा त्या प्रथिनाचे निरोधकच. अशा औषधांना मराठीत काय म्हणावे याचा मी बराच विचार केला. इंग्रजी नावाचा अर्थ पाठराखीण असा होतो आणि तो शब्द मला आवडतो. नवरी नव्या घरी जाताना पाठराखीण सोबत जाते, पण ती काही दिवसांनी परतते. ती तेथेच ठाण मांडून बसली तर संसार व्हायचा कसा!

पाठराखिणीचे परतणे हाच या उपचारातील नाजूक भाग आहे. अँब्रोक्झॉलचे नशीब असे की उदासीन पीएचमध्ये, जेथे घडी पडते तेथे, ते विकराला घट्ट धरते आणि लायसोसोमच्या आम्ल वातावरणात पकड सोडते. फॅब्री रोगावरील मिगालास्टॅट याच तत्त्वावरचे औषध आहे. युरोपात ते २०१६ साली आणि अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. ते एक दिवसाआड घ्यावयाचे असते, म्हणजे मधल्या काळात औषध उतरते आणि विकराला मोकळेपणी काम करता येते. निरोधकाला औषध बनविता येते, हे मिगालास्टॅटमुळे प्रत्यक्ष रुग्णांत सिद्ध झालेले आहे.

सायालिनच्या बाबतीत पाठराखिणीला परत पाठविणे अधिक अवघड जाईल, असे मला वाटते. निरोधक पेशीद्रवाच्या बाजूने बसतो, आणि पेशीद्रवाचा पीएच प्रथिन घडत असतानाही तोच असतो आणि ते लायसोसोमवर पोहोचल्यावरही तोच. आतल्या आम्लतेचा येथे उपयोग नाही. तेव्हा औषधाची मात्रा आणि दोन मात्रांमधील अंतर यांवरच सारी भिस्त राहील. दुसरी एक गोष्ट आशादायक आहे. या रुग्णांचे आईवडील एकाच सदोष जनुकाचे वाहक असतात, म्हणजे त्यांचे निम्मेच सायालिन धड असते, तरी त्यांना कोणताही त्रास होत नाही. याचा अर्थ मुलाचे सायालिन पूर्णपणे दुरुस्त होण्याची गरज नाही. काही प्रमाणात वाहतूक वाढली तरी फरक पडू शकेल. पण औषधाला रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडावा लागेल, आणि तेही वेळेत. साल्ला रोगात मुख्य हानी होते ती मेंदूतील मायलिनची. चेतातंतूंवरील हे आवरण आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत चढते. ती वर्षे निघून गेल्यावर दिलेले औषध किती उपयोगी पडेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही. ज्या दोषात वाहतूकच शून्य असते त्या मुलांना तर केवळ प्रथिन जागेवर पोहोचविण्याने लाभ होणार नाही. जनुकातील चुकीचे अक्षर पेशीतच दुरुस्त करण्याच्या दिशेनेही प्रयोगशाळांत काम चालू आहे. आजमितीस मात्र या रोगावर मान्यताप्राप्त औषध जगात कोठेही नाही, आणि वर सांगितलेले सायालिनचे निरोधक ही प्रयोगशाळेतील साधने आहेत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अँब्रोक्झॉलचा सायालिनशी संबंध नाही. हा लेख वाचून कोणी आपल्या मुलाला खोकल्याचे औषध पाजू नये.

सायालिनच्या निरोधकांचा आणखी एक उपयोग सुचविला गेला आहे, त्याचा ओझरता उल्लेख करतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत सायालिक आम्लाचा एक वेगळा प्रकार असतो, जो मनुष्याचे शरीर बनवू शकत नाही. गुरे, डुकरे, बकरे यांच्या मांसातून तो आपल्या पोटात जातो, पेशी तो गिळतात, आणि सायालिनच त्याला लायसोसोममधून बाहेर काढून आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर पोहोचण्याची वाट करून देते. शरीर त्याला परका समजते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. यातून निर्माण होणारा दीर्घकाळचा दाह लाल मांसाच्या अतिसेवनाशी जोडलेल्या व्याधींना हातभार लावतो, असा एक विचारप्रवाह आहे. मासळीच्या मांसात हा प्रकार नगण्य असतो, ही आपणा शीतकडीवाल्यांना सुखावणारी बाब. तथापि या कारणासाठी निरोगी माणसाचे सायालिन बंद करण्याची कल्पना मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

राहता राहिला प्रश्न आपल्या दवाखान्याचा. जगभरातील नोंदलेले रुग्ण मिळून काही शेकडेही भरत नाहीत, मग पेडण्यात आणि डिचोलीत याचे ज्ञान कशाला, असे कोणी म्हणेल. नोंद होते ती ओळखलेल्यांची. सहा महिन्यांचे बाळ मान धरीत नाही, अंग लुळे आहे, बुबुळे झुलतात. आईला सांगितले जाते की जन्मताना गुदमरले असेल. वर्ष-दोन वर्षांनी कागदावर सेरेब्रल पाल्सी असे लिहिले जाते आणि पुढे कोणीही तो शब्द तपासून पाहत नाही. पालक म्हापशाला जातात, बांबोळीला जातात, बेळगावला जातात, नवस बोलतात. मग दुसरे मूल होते, आणि तेही तसेच असते. दोन भावंडे सारखीच मागे पडलेली असताना आणि बाळंतपणे सुरळीत झालेली असताना 'गुदमरले असेल' हे निदान टिकत नाही, हे आपण पहिल्या भेटीतच ओळखले पाहिजे.

गोवा राज्याने २००८ साली नवजात बालकांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन चयापचयातील जन्मजात दोष शोधण्याचा उपक्रम हाती घेतला होता. राज्य पातळीवर असा विचार करणाऱ्यांत आपण देशात अग्रभागी होतो, याचा अभिमान वाटतो. पण अशा चाचण्यांत प्रामुख्याने अमिनो आम्ले, स्निग्धाम्लांची संयुगे आणि थायरॉइडसारखी संप्रेरके मोजली जातात. मोकळे सायालिक आम्ल त्यांत येत नाही. तेव्हा टाचेची चाचणी निर्दोष आली म्हणून हा रोग नाही, असे समजू नये.

साल्ला रोगातील मूल जन्मतः सामान्य दिसते. पहिल्या वर्षात स्नायूंचा शिथिलपणा, बुबुळांचे झुलणे आणि विकासातील उशीर दिसू लागतो. नंतर तोल जाणे, अस्पष्ट बोलणे, कधी आकडी. बोलण्यापेक्षा समजणे चांगले असते आणि मूल हसतमुख असते. एमआरआयमध्ये मायलिन कमी आणि दोन मेंदूगोलार्धांना जोडणारा पट्टा बारीक दिसतो. असे रुग्ण प्रौढ वयापर्यंत जगतात. याउलट तीव्र प्रकारात गर्भातच अंगावर सूज, जन्मानंतर मोठे यकृत आणि प्लीहा, जाडसर चेहरा आणि वाढ न होणे दिसते, आणि बालपणातच मृत्यू येतो. या दोन टोकांच्या मध्येही रुग्ण असतात.

संशय आल्यास पहिली चाचणी लघवीतील मोकळ्या सायालिक आम्लाची. साल्ला प्रकारात ते सुमारे दसपट आणि तीव्र प्रकारात शंभरपटीपर्यंत वाढलेले असते. नमुना गोठवून पाठवावा आणि प्रमाण क्रिएटिनिनच्या तुलनेत मोजून घ्यावे. 'मोकळे' हा शब्द चिठ्ठीवर आवर्जून लिहावा. सायालिडोसिस या वेगळ्या रोगात साखळीला जोडलेले सायालिक आम्ल वाढते, आणि एकूण प्रमाणाच्या आकड्यावरून फसगत होते. सायालुरिया हा तिसरा आजार आहे. त्यात आम्ल मोकळेच असते, पण ते लायसोसोममध्ये न साचता पेशीद्रवात जादा तयार होते. काही रुग्णांत लघवीतील प्रमाण सामान्य आणि मेंदूभोवतीच्या द्रवातील प्रमाण मात्र वाढलेले सापडले आहे. म्हणून एमआरआय बोलका असेल तर लघवीच्या एका अहवालावर थांबू नये, जनुकाची तपासणी करून घ्यावी. दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली जाहीर झाले. त्याखालील विशेष केंद्रांपैकी आपल्याला सोयीचे म्हणजे मुंबईचे केईएम रुग्णालय. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागामार्फत पत्र घेऊन रुग्णाला तेथे पाठविता येईल.

औषध नसताना निदान कशासाठी, असे पालक विचारतात. त्यांना सांगावे की या दांपत्याच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, आणि मोठ्या मुलातील दोन्ही उत्परिवर्तने ठाऊक असतील तर १० ते १२ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन पुढच्या बाळाविषयी निश्चित सांगता येते. त्यासाठी मोठ्या मुलाचा जनुक अहवाल हाती असावा लागतो, आणि तो यायला काही आठवडे लागतात. म्हणून हे काम पुढील गर्भधारणेपूर्वी उरकावे. मुलाच्या फाइलमधील 'सेरेब्रल पाल्सी' या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह काढून चिठ्ठी लिहिण्यापुरते काम आपल्या दवाखान्यातच होऊ शकते.